पदुम : पालि वाङ्मयातील कमळ आणि तळ्यातील कमळ

भगवान बुद्धांच्या धम्माशी ज्या वनस्पतींची नावे निगडित झाली आहेत त्यांत पिंपळ, साल आणि कमळ या तीन प्रमुख होत. पिंपळ आपल्या नित्य परिचयाचा आहे. साल हा आपल्या भागातील वृक्ष नव्हे. कमळाची स्थिती मात्र चमत्कारिक आहे. विहारातील मूर्तीचे आसन कमळाचे असते, लेण्यांच्या छतावर कमळ असते, वंदनेच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरही ते असते. परंतु तळ्यात उगवलेले कमळ जवळून पाहिलेला, त्याचे पान हाताने चाचपून पाहिलेला उपासक विरळाच. प्रतीक पुष्कळ वापरले गेले की मूळ वस्तू नजरेआड होते आणि मग प्रतीकाचा अर्थही सैल होत जातो. प्रस्तुत लेखात कमळ या वनस्पतीची लक्षणे सांगून त्यांच्या प्रकाशात पालि वाङ्मयातील काही स्थळांचा विचार करावयाचा आहे. 'चिखलातले कमळ' हा जो शब्दप्रयोग आपल्या समाजाविषयी वारंवार केला जातो, तो या वनस्पतीच्या आणि बुद्धवचनाच्या कसोटीवर कितपत टिकतो, हेही पाहावयाचे आहे.

नावांचा गोंधळ

मराठीत 'कमळ' हा शब्द फार सढळपणे वापरला जातो. 'कृष्णकमळ' ही कुंपणावर चढणारी वेल आहे. घरोघरी कुंडीत रात्री फुलणारे 'ब्रह्मकमळ' हे अमेरिका खंडातून आलेले निवडुंगाच्या कुळातील झुडूप आहे. हिमालयातील खरे ब्रह्मकमळ त्याहून निराळे आणि तेही कमळ नव्हेच. बाजारात मिळणारा मखाणा हे कमळाचे बी नसून काटेरी पानांच्या एका वेगळ्याच जलवनस्पतीचे बी आहे. या साऱ्यांना बाजूस ठेवले तरी तळ्यात उगवणाऱ्या दोन वनस्पती उरतात आणि दोघींनाही आपण कमळच म्हणतो. एक खरे कमळ, ज्याचे शास्त्रीय नाव निलंबो न्यूसिफेरा. दुसरी कुमुदिनी किंवा उत्पल, जी निम्फिया या प्रजातीत मोडते.

पालि ग्रंथकारांनी हा भेद काळजीपूर्वक पाळलेला दिसतो. उपमा देताना ते बहुधा 'उप्पल', 'पदुम' आणि 'पुण्डरीक' अशी तीन नावे एकामागून एक घेतात. परंपरेने पदुम हे तांबूस वा गुलाबी कमळ, पुण्डरीक हे श्वेत कमळ आणि उप्पल हे निळसर उत्पल मानले जाते. चंद्रविकासी पांढऱ्या फुलासाठी 'कुमुद' हा शब्द आहे. अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातील ज्या बोधिसत्त्वाला आपण पद्मपाणी म्हणतो, त्याच्या हातातील फूलही नीलोत्पल म्हणूनच ओळखले जाते.

दोन्ही वनस्पती ओळखण्याची खूण सोपी आहे. कुमुदिनीच्या पानाला देठापर्यंत एक खाच असते आणि ते पाण्यावर पसरलेले राहते. खऱ्या कमळाचे पान अखंड वर्तुळाकार असते. देठ पानाच्या बरोबर मध्यभागी खालून जोडलेला असतो, उघडलेल्या छत्रीसारखा. ही पाने पाण्याच्या पृष्ठभागावरून चांगली हातभर किंवा त्याहून अधिक वर उचललेली असतात. कुमुदिनीचे फळ पाण्याखाली जाऊन पिकते, तर कमळाचे फळ उघड्या हवेत पिकते. कमळाच्या फुलाच्या मध्यभागी शॉवरच्या झारीसारखा, वरून सपाट व छिद्रे असलेला भाग असतो. पाकळ्या गळाल्यावर तोच वाढून वाळतो आणि त्याच्या प्रत्येक छिद्रात एकेक बी दिसू लागते.

बाह्य साम्यामुळे वनस्पतिशास्त्रज्ञही या दोघींना दीर्घकाळ एकाच कुळात घालत असत. विसाव्या शतकाच्या अखेरीस पेशींतील आनुवंशिक द्रव्याची तुलना करणे शक्य झाले तेव्हा निराळेच चित्र पुढे आले. कमळाचे जवळचे नातेवाईक कुमुदिनी नसून चिनारासारखे वृक्ष आहेत. एका तळ्यात, एकाच पाण्यात, एकसारख्या रूपाने राहणाऱ्या दोन वनस्पती नात्याने दूरच्या. आणि काश्मीरच्या डोंगरातील उंच वृक्ष हा कमळाचा आप्त. दिसण्यावरून नाते ठरवू नये, हा यातला धडा. कमळाचे स्वतंत्र कुळ असून त्यात आज दोनच जिवंत जाती आहेत. एक आपली आशियातील, जिचा विस्तार उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत आहे आणि दुसरी पिवळ्या फुलांची, उत्तर अमेरिकेकडील.

वनस्पतीचे स्वरूप

कमळ ही बहुवर्षायु पाणवनस्पती आहे. तिचे खरे शरीर म्हणजे पान किंवा फूल नव्हे, तर तळ्याच्या तळातील गाळात आडवे सरपटत जाणारे खोड होय. यालाच कमळकाकडी म्हणतात. पालि भाषेत ते 'भिस'. सिंधी कुटुंबांत या खोडाची भाजी आवडीने खातात आणि तिला 'भे' म्हणतात. उच्चाराची जवळीक लक्षात घेण्याजोगी आहे. खोडाला ठरावीक अंतरावर पेरे असतात. प्रत्येक पेरापासून मुळे खाली, पान वर आणि हंगामात फूल वर येते. तळ्यावर दूरदूर दिसणारी पन्नास पाने आणि दहा फुले ही पुष्कळदा एकाच खोडाची असतात. उन्हाळ्यात तळे आटले आणि पाने करपली तरी गाळात ओल असेल तर खोड जिवंत राहते आणि पाणी येताच पुन्हा पालवते.

पानांच्या वाढीतही एक क्रम आहे. खोडापासून निघणारी पहिली पाने लहान असतात आणि पाण्याखाली किंवा पाण्याच्या पातळीवर तरंगत राहतात. त्यानंतरची पाने जाड देठाची, पाण्याबाहेर उंच उठणारी असतात. हा क्रम ध्यानी ठेवावा, कारण पुढे एका सुप्रसिद्ध उपमेचा विचार करताना तो उपयोगी पडणार आहे.

कमळकाकडी आडवी कापली असता तिच्यात चक्राच्या आऱ्यांप्रमाणे मांडलेली पोकळ छिद्रे दिसतात. ही केवळ शोभा नव्हे. तळ्याच्या गाळात प्राणवायू जवळजवळ नसतो आणि गाळात रुतलेल्या खोडाला तर श्वास हवा. ही व्यवस्था पाने करतात. उन्हाने तापलेल्या पानात बाहेरची हवा सूक्ष्म रंध्रांतून शिरते, आत तिचा दाब वाढतो आणि त्या दाबाने ती देठातील नळ्यांतून खाली खोडापर्यंत ढकलली जाते. खोडातून फिरून ती दुसऱ्या नळ्यांवाटे वर येते आणि पानाच्या मध्यभागी, देठाच्या जोडाजवळ असलेल्या मोठ्या रंध्रांतून बाहेर पडते. पाण्यावरची पाने वारंवार पाण्याखालून छाटली तर गाळातील खोड गुदमरून मरते, हे तळे राखणाऱ्यांना अनुभवाने ठाऊक असते. वर गेलेले पान खाली राहिलेल्या खोडाला श्वास पुरवते, असा हा संबंध आहे.

फूल साधारणतः तीन ते चार दिवस टिकते. ते सकाळी उमलते व पुढे मिटते, असे काही दिवस चालून अखेरीस पाकळ्या गळतात. रॉजर सेमूर आणि पॉल शुल्झ-मोटेल या संशोधकांनी १९९६ साली असे दाखवून दिले की, उमलण्याच्या काळात कमळ स्वतः उष्णता निर्माण करते आणि बाहेरची हवा १० अंशांपासून ३० अंशांपर्यंत बदलत असतानाही फुलाच्या आतील तापमान ३० ते ३६ अंश सेल्सियसच्या दरम्यान राखते. या उबेने परागीकरण करणारे भुंगेरे आकर्षित होतात व फुलात मुक्काम करतात, असे मानले जाते.

देठ मोडून हळूच ओढला तर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू निघतात. म्यानमारमधील इन्ले सरोवराच्या परिसरात या तंतूंचे सूत काढून वस्त्र विणतात आणि ते बुद्धमूर्तीला किंवा भिक्खूंना चीवर म्हणून अर्पण करतात. एका चीवरासाठी देठ हजारोंच्या संख्येने लागतात.

बियांचे सामर्थ्य तर विलक्षणच. कवच इतके कठीण व अभेद्य असते की पाणी आत शिरत नाही आणि आतील अंकुर निद्रिस्त राहतो. जपानमध्ये चिबाजवळ प्राचीन थरांतून १९५१ साली इचिरो ओगा यांनी मिळविलेल्या बियांपैकी एकीला पुढच्याच वर्षी फूल आले. त्या बिया सुमारे २,००० वर्षांपूर्वीच्या मानल्या जातात. ईशान्य चीनमधील एका आटलेल्या सरोवराच्या तळातून मिळालेल्या बीचे वय जेन शेन-मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली सुमारे १,३०० वर्षे असे प्रसिद्ध केले आणि ते बीही रुजले होते. सरोवर आटले, त्यावर माती साचली, राज्ये बदलली. बीज मात्र शाबूत राहिले. कवच घासले गेले आणि पाणी मिळाले, एवढेच निमित्त त्याला पुरले. आपल्या देशात धम्माचे काय झाले आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात काय घडले, याचे स्मरण या ठिकाणी वाचकांना झाल्यावाचून राहणार नाही.

न भिजणारे पान

कमळाच्या पानावर पाणी टाकले तर ते पसरत नाही. त्याचे मोत्यासारखे थेंब होतात आणि पान किंचित कलताच ओघळून जातात. जाताना पानावरील धूळही बरोबर नेतात. जर्मनीतील बॉन विद्यापीठाचे विल्हेल्म बार्थलॉट आणि क्रिस्टोफ नाइनहुइस यांनी १९९७ साली याचे कारण विस्ताराने मांडले. पानाच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे असंख्य उंचवटे असतात आणि त्या उंचवट्यांवर मेणाच्या अतिसूक्ष्म नळ्या असतात. पाण्याचा थेंब उंचवट्यांच्या टोकांवर तोलला जातो. त्याच्याखाली हवा अडकून राहते. धुळीचे कणही टोकांवरच टेकलेले असल्याने थेंबाला सहज चिकटतात. अलीकडे डाग न धरणारे रंग व कापड करण्यासाठी या तत्त्वाचा उपयोग केला जातो.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. पान गुळगुळीत असल्यामुळे पाणी चिकटत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती उलट आहे. पानाचा पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत आहे आणि त्यावरील मेण पानाने स्वतःच्याच शरीरातून निर्माण केलेले आहे. हाताने जोरात चोळून ते मेण नष्ट केले की तेच पान भिजू लागते. अलिप्तता ही पानाला आयती मिळालेली देणगी नसून ती सतत राखावी लागणारी अवस्था आहे. कमळपत्रावरील पाण्याची उपमा शीलाला लावताना हा अर्थ मनात ठेवण्याजोगा आहे.

पालि वाङ्मयातील स्थळे

पहिले स्थळ विनयातील महावग्गाच्या भेसज्जक्खन्धकात येते. सारिपुत्त थेरांच्या अंगाचा दाह होत होता. पूर्वी या विकारावर कशाने बरे वाटत असे, या महामोग्गल्लानांच्या प्रश्नाला त्यांनी कमळाचे कंद आणि देठ असे उत्तर दिले. मोग्गल्लान ते मंदाकिनी पोखरणीतून घेऊन आले आणि सारिपुत्तांचा दाह शमला. पुष्कळ कंद उरले, परंतु भोजन झाल्यानंतर ते घ्यावेत की नाही याविषयी भिक्खू साशंक झाले. तेव्हा भगवंतांनी वनात व पोखरणीत उगवणारे असे पदार्थ घेण्यास अनुमती दिली. कमळ येथे प्रतीक म्हणून येत नाही, तर औषध आणि अन्न म्हणून येते. आणि आजारी सहकाऱ्याची शुश्रूषा हा या कथेचा गाभा आहे.

दुसरे स्थळ संयुत्त निकायाच्या वनसंयुत्तातील आहे. कोसल देशात एक भिक्खू भोजनोत्तर पोखरणीत उतरून कमळाचा वास घेत असे. तेथील देवतेने त्याला गंध चोरणारा म्हटले. भिक्खूने विचारले, मी तोडत नाही, मोडत नाही, दुरून वास घेतो; आणि हा दुसरा माणूस तर कंद खणून काढतो आणि फुले मोडतो, त्याला तू काही बोलत नाहीस? देवतेचे उत्तर असे की, मळाने माखलेल्याला मी काय सांगू. परंतु जो शुद्धीच्या शोधात आहे त्याचा केसाच्या टोकाएवढा दोषही मेघाएवढा दिसतो. भिक्खूने हा उपदेश कृतज्ञतेने स्वीकारला. सार्वजनिक जीवनात शुद्धीची भाषा बोलणाऱ्या प्रत्येकाने हे सुत्त वाचावे.

तिसरे स्थळ सर्वपरिचित आहे. संबोधीनंतर धम्म सांगावा की सांगू नये, असा विचार भगवंतांच्या मनात आला असता त्यांनी जगाकडे पाहिले, तेव्हा त्यांना माणसे तळ्यातील कमळांसारखी दिसली. काही पाण्यात बुडालेली, काही पाण्याच्या पातळीशी आलेली, काही पाण्याबाहेर उठलेली. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात धम्मोपदेशाच्या निश्चयाच्या या प्रसंगाला स्थान दिले आहे. या उपमेवरून माणसांच्या तीन कायमच्या प्रती आहेत असा अर्थ कोणी काढील तर तो चुकीचा होईल. वर सांगितल्याप्रमाणे बुडालेले, तरंगणारे आणि वर उठलेले ही एकाच वनस्पतीच्या वाढीतील पायऱ्यांची चित्रे आहेत. आज जे पाण्याखाली आहे ते उद्या वर येणार आहे. म्हणूनच तर उपदेशाला अर्थ आहे. जन्माने कायमचे बुडालेले कोणी असते, तर भगवंतांना सारनाथपर्यंत चालत जाण्याचे कारण उरले नसते.

मिलिंदपञ्हातही नागसेन थेरांनी साधकाने कमळाचे तीन गुण घ्यावेत असे सांगितले आहे. पाण्यात जन्मून वाढूनही पाण्याने लिप्त न होणे, पाण्यापासून वर उठून राहणे आणि मंद वाऱ्यानेही हलणे. या तिसऱ्या गुणाचा अर्थ असा की साधकाने अल्पशा दोषाबाबतही दक्ष राहावे.

'चिखलातले कमळ' : एक चिकित्सा

आपल्या वस्तीतील एखादा मुलगा वा मुलगी परीक्षेत पहिली आली, मोठ्या पदावर गेली, की वृत्तपत्रे आणि सत्कारसमारंभातील वक्ते 'चिखलात कमळ उगवले' असे म्हणतात. हेतू बहुधा गौरवाचा असतो. परंतु त्या वाक्यात एक गृहीत दडलेले असते. ज्या आईबापांनी, ज्या वस्तीने त्या मुलाला वाढविले ती चिखल ठरते आणि तो मुलगा तिच्यातून सुटलेला अपवाद ठरतो.

बुद्धवचन काय म्हणते? अंगुत्तर निकायातील दोण सुत्तात भगवंत स्वतःला कमळाची उपमा देतात. थेरगाथेत उदायी थेर तीच उपमा त्यांना लावतात. या दोन्ही ठिकाणी आणि धम्मोपदेशाच्या वरील प्रसंगातही कमळ पाण्यात जन्मते आणि पाण्यात वाढते असे म्हटले आहे. चिखलाचा उल्लेख नाही आणि पाण्याचा तिरस्कारही नाही. पाणी म्हणजे ज्यात आपण सर्वच जगतो ते जग. धम्मपदाच्या पुप्फवग्गात कचऱ्याच्या ढिगावर उमलणाऱ्या कमळाची उपमा आहे खरी; परंतु तेथे बुद्धश्रावक ज्यांच्यापेक्षा वेगळा उठून दिसतो ते अज्ञानाने आंधळे झालेले जन आहेत. वेगळेपणाचे कारण प्रज्ञा आहे. कूळ नव्हे, वस्तीही नव्हे. अज्ञान तर प्रासादातही असते.

आता वनस्पती काय म्हणते ते पाहू. गाळ ही कमळाची घाण नव्हे, ती त्याची शिदोरी आहे. त्याचे सारे पोषण तेथून येते आणि त्याचे खरे शरीर तेथेच राहते. फूल हे गाळातून सुटून गेलेले नसते. ते शेवटपर्यंत देठाने खोडाशी जोडलेले असते आणि तोडले की एकदोन दिवसांत कोमेजते. दुसरे असे की कमळ एकटे नसते. एका खोडावर अनेक फुले येतात. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वर गेलेली पाने खाली श्वास पाठवितात. ती पाठवीनाशी झाली तर खोड मरते आणि मग पुढील हंगामात फूलही येत नाही.

१८ मार्च १९५६ रोजी आग्रा येथे केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी आपल्या समाजातील सुशिक्षितांविषयी जी खंत व्यक्त केली ती सर्वश्रुत आहे. शिकून वर गेलेले लोक समाजासाठी झटतील ही त्यांची अपेक्षा फोल ठरली होती. कमळाच्या भाषेत सांगावयाचे तर पाने उंच गेली, पण नळ्या बंद झाल्या. तेव्हा 'चिखलातले कमळ' म्हणून सत्कार स्वीकारताना आपल्या माणसांनी एवढे तरी म्हणावे की, जेथून मी आलो तो चिखल नव्हे, तो माझा कंद आहे आणि त्याचा श्वास माझ्याकडे देणे आहे.

वासेट्ठ सुत्तातील कमळपत्र

सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्त हे कमळाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने, असा वाद वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन तरुणांत झाला आणि ते भगवंतांकडे आले. भगवंतांनी उत्तराची सुरुवात वनस्पतींपासून केली. गवत आणि वृक्ष यांच्यात जातीजातींची वेगवेगळी लक्षणे आढळतात. कीटकांत, पशूंत, माशांत, पक्ष्यांतही आढळतात. माणसांत मात्र केस, कान, डोळे, हात, पाय यांपैकी कशातही जातिदर्शक भेद सापडत नाही. माणसांतील भेद केवळ नावापुरते, व्यवहारातून आलेले आहेत. याच सुत्तात पुढे, कमळाच्या पानावरील पाण्याप्रमाणे जो वासनांना चिकटत नाही त्यालाच मी ब्राह्मण म्हणतो, असे सांगितले आहे. ही गाथा धम्मपदाच्या ब्राह्मणवग्गातही येते.

कमळ आणि कुमुदिनी या दोन जाती आहेत. पान पाहून, देठ पाहून, फळ पाहून कोणीही त्यांचा भेद दाखवू शकतो. मराठीत आपण वनस्पतींच्या भेदाला जात म्हणतो आणि माणसांच्या पंक्तिभेदालाही जातच म्हणतो. पहिला भेद निसर्गात आहे, दुसरा माणसाने लादलेला आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी हा फरक इतक्या नेमकेपणाने, वनस्पतींचे उदाहरण देऊन मांडला गेला, याचा अभिमान आपण जरूर बाळगावा.

लोणी काळभोरच्या परिसरातून पाहताना

लोणी काळभोर हे हवेली तालुक्यातील, पुणे–सोलापूर रस्त्यावरील मोठे गाव. खडकवासल्याचा उजवा कालवा या भागातून जातो, रामदऱ्याच्या देवालयाभोवती तळे आहे आणि उत्तरेकडून मुळा-मुठा वाहते. जवळच कवडीपाटचा बंधारा आहे. हिवाळ्यात येथे चक्रवाक बदके उतरतात, शेकाट्या उथळ पाण्यात चरताना दिसतात आणि पक्षी पाहणारे पुण्याहून येतात. हीच नदी पुढे थेऊरवरून जाऊन रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते.

परंतु या बंधाऱ्याशी नदीचे जे पाणी येते त्याने आधी संपूर्ण पुणे शहर ओलांडलेले असते. सांडपाणी, प्लास्टिक आणि निर्माल्य त्याच्याबरोबर येते आणि वर्षातील बराच काळ जलपर्णी पात्र झाकून टाकते. जलपर्णीला जांभळट फुले येतात व दुरून ती शोभिवंत दिसते. परंतु ती दक्षिण अमेरिकेतून आलेली, गाळात न रुजता तरंगत पसरणारी वनस्पती आहे. तिच्या दाट थराखाली प्रकाश पोहोचत नाही, पाण्यातील प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात. पाण्यात मलमूत्राचे पोषण जितके अधिक तितकी ती जोमाने वाढते. म्हणून जलपर्णी हा मूळ रोग नसून रोगाचे लक्षण आहे. कमळाला संथ, उथळ आणि ऊन पोहोचणारे पाणी लागते. वाहत्या, पुराच्या पात्रात ते टिकत नाही. त्याची जागा तळी आणि पाझर तलाव यांत आहे.

गाळ आणि घाण यांतील फरक येथे डोळ्यांनी पाहता येतो. गाळात कमळ रुजते. शहराने सोडलेल्या मैल्यात ते रुजत नाही. गाळ निसर्गाने दिलेला आहे, मैला माणसाने दुसऱ्याच्या दारात ढकललेला आहे. आणि तो उपसण्याचे काम कोणाच्या वाट्याला येते, हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. थेरगाथेतील सुनीत थेर आपल्या पूर्वायुष्याविषयी सांगतात की ते हीन मानलेल्या कुळात जन्मले आणि कोमेजलेली फुले काढून टाकणे हे त्यांचे काम होते. लोक त्यांची अवहेलना करीत. भगवंतांनी त्यांना भिक्खुसंघात बोलावून घेतले. फूल वाहणारा एक आणि कोमेजलेले फूल उचलणारा दुसरा, ही विभागणी ज्या समाजात पिढ्यान्पिढ्या चालली त्या समाजात आपण फूल अर्पण करताना अधिक सावध असले पाहिजे.

विहारात कमळ

२५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. आज पुणे जिल्ह्यात गावोगावी विहार आहेत आणि वंदनेत पुष्पपूजा असते. हे फूल जसे कोमेजते तसाच हा देहही नाशवंत आहे, हे त्या पूजेचे मर्म. त्यासाठी विकत आणलेल्या फुलांच्या राशी लागत नाहीत. विहाराच्या अंगणात एका रुंद हौदात कमळ लावणे सहज शक्य आहे.

त्यासाठी तळाला छिद्र नसलेला, सुमारे दोन फूट रुंद व दीड फूट खोल हौद किंवा टब घ्यावा. तळात अर्धा फूट चिकण माती किंवा तळ्यातील गाळ पसरावा. कच्चे शेणखत घालू नये, त्याने पाणी नासते. दिवसातून किमान सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडावी. लोणीपासून उरुळी कांचनपर्यंत सोलापूर रस्त्यावर रोपवाटिका आहेत. तेथे रोप घेताना पानाला खाच नाही ना, हे पाहून घ्यावे. कंद लावताना तो आडवा ठेवावा आणि कोंबाचे टोक मातीबाहेर राहू द्यावे. बी लावायचे असल्यास बोथट टोकाकडील कवच दगडावर किंवा कानशीने आतला पांढरा भाग दिसेपर्यंत घासावे आणि बी स्वच्छ पाण्यात ठेवावे. ते काही दिवसांत रुजते. सुरुवातीस पाणी चार बोटे ठेवून पाने वाढतील तसे वाढवावे. डासांसाठी हौदात गप्पी मासे सोडावेत, मात्र ते ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नयेत. दरवर्षी उन्हाळ्याच्या आरंभी दाटलेले कंद वेगळे करून दुसऱ्या विहाराला द्यावेत. अशा रीतीने एका हौदापासून अनेक हौद होतात.

या हौदातील फूल तोडूनच वाहिले पाहिजे असे नाही. वनस्पतींची नासधूस भिक्खूंना पाचित्तिय मानली आहे आणि विनयात मूळ, खोड, पेर, शेंडा व बी यांपासून वाढणाऱ्या वनस्पतींचे पाच प्रकार नोंदलेले आहेत. उपासकाला तो नियम लागू नाही, पण त्यामागील दृष्टी घेता येते. फूल तळ्यातच ठेवून त्याच्यासमोर वंदना म्हणता येते. जी फुले वाहिली जातील ती दुसऱ्या दिवशी विहाराच्याच आवारात खड्ड्यात घालून खत करावे. नदीत टाकू नयेत.

बालसंस्कार वर्गातील मुलांना या हौदाजवळ बसवावे. पानावर चूळभर पाणी टाकून थेंब कसे ओघळतात ते दाखवावे. खाली गाळात हात घालून कंद कोठे आहे तेही दाखवावे आणि पानातून कंदाकडे श्वास कसा जातो ते समजावून सांगावे. दोण सुत्त आणि वासेट्ठ सुत्त त्यांना तेथे अधिक लवकर कळतील. आणि पुढे कोणी त्यांना चिखलातले कमळ म्हटले, तर काय उत्तर द्यावयाचे हेही त्यांना ठाऊक असेल.